चांदणीकडे मागितले तर ती देते का?

म्हापशाजवळ राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कशाचे आहे ते ध्यानात राहील. त्यांची चार वर्षांची मुलगी केजीच्या वर्गात ‘ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार’ शिकली. संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी मागायचे आणि काय मागितले ते कोणालाही सांगायचे नाही, हेही तिला तिथेच कळले. मुलीचे वडील बोटीवर नोकरीला आहेत. बाबा चतुर्थीला घरी यावा, एवढेच मागणे तिने पावसाळी ढगांच्या फटीतून जी चांदणी दिसेल तिच्याकडे पाहत रोज मागितले. बोटीवरची मुदत वाढली, बाबा आला नाही, आणि विसर्जनाच्या रात्री तिने आईला गुपित सांगून विचारले, “चांदणीला ऐकू येत नाही का?” त्यात आजीचे म्हणणे असे की ताऱ्याकडे असले काही मागू नये आणि तारा तुटताना तर पाहूही नये. हे मागणे आले कुठून, आपल्या मराठी बालगाण्यांत चांदण्या आहेत की नाहीत, आणि मुलीला आता काय सांगावे, असे त्या आईने विचारले आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या गावांत बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांना चौतीस वर्षे शिकवले. त्यातली बरीच वर्षे पेटी पुढ्यात घेऊन गाणी शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात आसपासच्या मुलांना सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या पठारावर, नेऊन आकाश दाखवते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या मुलीचा प्रश्न ‘किती गोड’ म्हणून हसून सोडण्यासारखा नाही. तिने एक मागणे मागितले, त्यासाठी नेम पाळला, गुपित राखले आणि तरी मागणे पुरे झाले नाही. मोठ्या माणसाने नवस करावा आणि देवाने पाठ फिरवावी, तेव्हा त्या माणसाला जे वाटते तेच तिला वाटले आहे. तिला उत्तर मिळायला हवे आणि ते खरे असायला हवे.

आधी त्या इंग्रजी गाण्याविषयी. त्यात मागणे मुळीच नाही, हे आपल्या फारसे लक्षात येत नाही, कारण शाळेत पहिलेच कडवे शिकवतात आणि उरलेली चार सोडून देतात. जेन टेलर या विशीतल्या इंग्रज तरुणीची ‘द स्टार’ नावाची ही कविता १८०६ साली लंडनमध्ये, तिने आणि तिची बहीण अॅन हिने मिळून लिहिलेल्या बालकवितांच्या पुस्तकात छापली गेली. कवितेतले मूल ताऱ्याकडे काही मागत नाही. तू आहेस तरी काय, असे नवल करते. पुढे अंधारातून चाललेला एक वाटसरू येतो, आणि त्या इवल्याशा उजेडाने वाट दिसली म्हणून तो ताऱ्याचे आभार मानतो. तू लुकलुकला नसतास तर कुठे जावे हे मला कळले नसते, असा त्या कडव्याचा आशय आहे. शेवटी मूल पुन्हा म्हणते की तू काय आहेस हे मला अजून माहीत नाही, तरी लुकलुकत राहा. ज्या मुलीचा बाबा समुद्रावर आहे तिला हे वाटसरूचे कडवे कोणी शिकवले नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. ते तुम्ही शिकवा. त्याकडे पुढे परत येते.

गाण्याची चाल मोझार्टने बांधली असे पुष्कळ ठिकाणी सांगतात, ते बरोबर नाही. चाल फ्रान्समधली आहे आणि ती १७६१ साली छापली गेली होती. मोझार्टने त्या चालीवर पियानोसाठी बारा प्रकारांचा विस्तार केला आणि तो १७८५ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी मुळाक्षरांचे गाणे मुले याच चालीवर म्हणतात. पेटीवर बसणाऱ्यांसाठी सांगायचे तर पहिली ओळ ‘सा सा प प ध ध प’ आणि दुसरी ‘म म ग ग रे रे सा’ अशी आहे. सगळे स्वर शुद्ध आहेत आणि निषाद लागतच नाही. षड्जावरून एकदम पंचमावर जाणारी ती पहिली उडी मुलांना कशी जमते याचे मला सुरुवातीला आश्चर्य वाटे. पण तंबोऱ्याच्या तारा ज्या दोन स्वरांत लावतात तेच हे दोन स्वर, आणि कान त्यांना आपोआप धरतो. ओळीत सात ठोके भरलेले आणि आठवा मोकळा असतो, त्या मोकळ्या ठोक्यावर मूल श्वास घेते. जी मुले वर्गात महिनोन्महिने बोलत नाहीत तीही हे गाणे गुणगुणतात, त्यामागे ही बांधणी आहे. इंग्रजी आहे म्हणून या गाण्यावर राग धरणाऱ्यांपैकी मी नाही.

मागणे आले ते दुसऱ्याच एका ओळीतून. आज रात्री दिसलेल्या पहिल्या ताऱ्या, माझी इच्छा पुरी होवो, अशा अर्थाची ‘स्टार लाइट, स्टार ब्राइट’ ही तुकबंदी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलांच्या तोंडी रुळली, आणि १९४० सालच्या ‘पिनोकियो’ या डिस्नीपटातील गाण्याने ताऱ्याकडे इच्छा मागण्याची कल्पना जगभर नेली. केजीच्या वर्गांत या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते आणि नवल करणारे गाणे मागणाऱ्या गाण्याला जोडले जाते. या रीतीत आणखी एक गंमत आहे. संध्याकाळी दिसणारी ती ‘पहिली चांदणी’ बऱ्याचदा तारा नसतेच. ज्या महिन्यांत शुक्र मावळतीला असतो त्या महिन्यांत आपल्याला समुद्राच्या अंगाला सर्वांत आधी तोच दिसतो. मुलीला फरक दाखवायचा असेल तर एवढेच सांगा की लुकलुकते ती चांदणी आणि स्थिर तेवतो तो ग्रह.

लुकलुकणे म्हणजे काय, हे सांगायला मी बालदी वापरते. बालदीत पाणी भरायचे, तळाला एक रुपयाचे नाणे टाकायचे, पाणी निवळले की मुलाला वरून पाहायला लावायचे आणि मग बोटाने पाणी जरासे हलवायचे. नाणे तिथेच असते, पण थरथरते, तुटते, पुन्हा जुळते. “कोण हलले?” असे विचारले की पहिले मूल म्हणते नाणे, आणि दुसरे थोडा विचार करून म्हणते पाणी. आपल्या डोक्यावर हवेचे पाणी भरलेले आहे, ते हलते आणि चांदणी हलल्यासारखी दिसते, एवढे चार वर्षांच्या मुलाला पुरते. क्षितिजाजवळच्या चांदण्या जास्त लुकलुकतात, कारण त्यांचा उजेड हवेच्या जास्त थरांतून तिरका येतो. हे सहा-सात वर्षांच्या मुलांना सांगावे.

आता आपल्या गाण्यांकडे वळते. मराठी बालगाण्यांत आकाशातला नायक चंद्र आहे, चांदण्या नाहीत, हे मान्य करायला हवे. चंद्र समुद्रमंथनातून निघाला, लक्ष्मीही त्यातूनच निघाली. लक्ष्मी आई, म्हणून तिचा भाऊ तो मामा, असे आपल्याकडे सांगतात. आपण सगळ्यांनी म्हटलेले चांदोबाचे जुने गाणे घ्या. त्यातले मूल चंद्राला विचारते की तू दमलास का, निंबोणीच्या झाडामागे लपलास का. मग ते त्याला मामाच्या चिरेबंदी वाड्यात बोलावते, तूप-रोटी खाऊन जा म्हणते, आणि तुपात माशी पडते म्हणून बिचारा चांदोबा उपाशी राहतो. आमच्या गोव्यातल्या मुलांना ‘चिरेबंदी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण घरापुढे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ढीग त्यांनी पाहिलेला असतो. पण मला त्या गाण्यात दुसरेच काहीतरी मोलाचे वाटते. त्या गाण्यातले मूल मागत नाही, ते देते. ज्याला स्वतःला अजून भरवावे लागते ते मूल आकाशातल्या पाहुण्याची विचारपूस करते, त्याला जेवू घालू पाहते, आणि तो उपाशी गेला याची हुरहूर बाळगते. हे गाणे लिहिले कोणी ते कळत नाही, पण ज्या कोणा आजीच्या तोंडून ते पहिल्यांदा आले तिला लहान मुलांचे मन फार चांगले कळले होते.

चांदण्या मात्र आपल्याकडे गाण्यांपेक्षा कोड्यांत आणि गोष्टींत जास्त सापडतात. सूपभर लाह्या आणि त्यात एक रुपया, हे कोडे मी लहानपणी ऐकले आणि पुढे शेकडो मुलांना घातले. लाह्या म्हणजे चांदण्या आणि रुपया म्हणजे चंद्र, हे ओळखल्यावर मुलांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना खेड्यांतले लोक म्हातारीचे खाटले म्हणतात, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे ते खाटले पळवायला टपलेले तीन चोर. मृगातल्या सरळ रेषेतल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणतात, तो मृगाला लागलेला बाण. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागला की नाही हे ज्या घरात रोज बोलले जाते, त्या घरातल्या मुलाला नक्षत्र हे पावसाचे आणि पेरणीचे नाव वाटते, त्याच्याकडे खेळणे मागावे असे त्याच्या मनात येत नाही. भाषाही पाहा. ‘चांदणे’ हा चंद्राचा उजेड आणि ‘चांदणी’ हा तारा. म्हणजे आपण ताऱ्यालासुद्धा चंद्राच्या नावाने हाक मारतो. लग्नात ‘ताराबलं चंद्रबलं तदेव’ म्हटले जाते तेव्हा मांडवात जी धावपळ उडते तिच्यावरून ‘तारांबळ’ हा शब्द आला, असे सांगतात. वधूवरांना ताऱ्यांचे बळ मिळो, ही प्रार्थना आपल्याकडे ताऱ्यांच्या नावाने होते खरी, पण ती चारचौघांत, मोठ्याने आणि दुसऱ्यासाठी होते.

वर्गासाठी चांदण्यांचे गाणे हवे म्हणून मी एक बोटगाणे बांधले होते. मुठीतून एकेक बोट उघडत ते म्हणायचे असते:

एक चांदणी आभाळात,
दुसरी माडाच्या झावळ्यांत,
तिसरी लपली ढगात,
चौथी तळीच्या पाण्यात,
पाचवी माझ्या डोळ्यांत!

शेवटच्या ओळीला अंगठा स्वतःच्या डोळ्याकडे न्यायचा आणि शेजारच्या मुलाने त्या डोळ्यात वाकून खरेच चांदणी दिसते का ते पाहायचे. देवळाच्या तळीत चांदणी पाहिलेली मुले चौथ्या ओळीला नेहमी काहीतरी सांगू लागतात, आणि गाणे तिथेच अडते. अडू द्यावे.

आजींच्या म्हणण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अशा वेळी सून आणि सासू यांच्यामध्ये मूल अडकते आणि कोणाचे तरी खोटे ठरवावे लागते. तारा तुटताना पाहू नये, हा समज अडाणीपणातून आलेला नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांवर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्याची सुरुवातच अशी आहे की स्वर्गात पुण्याचे फळ भोगून जे खाली पडतात त्यांची रूपे म्हणजे उल्का. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे त्यांचे पाच प्रकारही तो देतो. पडणारा तारा म्हणजे पुण्य सरलेला जीव, ही कल्पना एकदा मनात रुजली की त्याच्याकडे बोट दाखवून काही मागणे कसेसेच वाटणार. कोणाच्या घरातून शेवटचा निरोप निघाला असताना आपण आपले मागणे काढत नाही. आजींच्या निषेधात भीती असेल, पण त्यात अदबही आहे. ती मुलीला ऐकवा.

त्यासोबत हेही सांगा की खरा तारा कधी तुटत नाही. धूमकेतू आणि लघुग्रह यांनी मागे टाकलेली धूळ, बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढी, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आपल्या हवेत शिरते आणि जमिनीपासून सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीवर जळून जाते. त्या जळण्याची रेघ आपल्याला दिसते. पाश्चात्त्य देशांत उल्का पाहण्याचा मोठा सोहळा १२-१३ ऑगस्टच्या सुमारास असतो, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो, म्हणून गोव्यातल्या मुलांच्या वाट्याला तो सहसा येत नाही. आपला हंगाम डिसेंबरचा. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून, आपल्या पुनर्वसूच्या जोडीजवळून निघाल्यासारख्या दिसणाऱ्या उल्का भरपूर पडतात. फाएथॉन नावाच्या लघुग्रहाची ती धूळ आहे. किनाऱ्याच्या पट्ट्यात दिव्यांमुळे काही दिसत नाही. सत्तरी, सांगे किंवा काणकोण तालुक्यात कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्या अंगणात हातरी, म्हणजे चटई, घालावी आणि मुलीला पांघरुणात घेऊन आडवे पडावे. आजींनाही बरोबर न्यावे. रेघ दिसली की आजींनी हात जोडले तर मुलीने ते पाहावे, आणि मुलीने “ती बघ!” म्हणून किंचाळावे ते आजींनी ऐकून घ्यावे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आपल्याकडे इच्छा बोलण्याची रीत या इंग्रजी रीतीच्या अगदी उलटी आहे, आणि तुमच्या मुलीला जे दुखले ते मला वाटते याच फरकात आहे. चांदणीकडची इच्छा मनात ठेवायची, सांगितली की ती फुकट जाते. आपल्या देवळात मात्र गाऱ्हाणे घालतात ते मोठ्याने. ज्याचे काम अडले तो देवापुढे उभा राहतो, जाणती व्यक्ती त्याचे नाव घेऊन, काय हवे ते स्पष्ट शब्दांत सांगते आणि जमलेले लोक होकार भरतात. कौल घ्यायचा असेल तर देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावून कोणती पडते ते पाहतात, आणि उत्तर नाही असे आले तरी ते सगळ्यांच्या देखत येते. नवस बोलला तर तो फेडावा लागतो, घरातल्यांना माहीत असावा लागतो. म्हणजे इच्छा एकट्याची राहत नाही. ती पुरी झाली नाही तरी ती ऐकलेली असते, आणि सोबतीला माणसे असतात. चार वर्षांच्या मुलीने महिनाभर एक ओझे एकटीने वाहिले, कारण गुपित राखण्याची अट तिला कोणीतरी घातली होती. म्हणून माझा पहिला सल्ला असा की ती अट काढून टाका. तिला सांगा की आपल्याकडे मागणे मोठ्याने बोलायचे असते, आई आणि आजी होकार भरतात. त्याने बाबा लवकर येईल असे मुळीच म्हणू नका.

जपानमध्येही अशीच उघड रीत आहे. ७ जुलैच्या सुमारास होणाऱ्या तानाबाता सणाला लोक आपल्या इच्छा रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर लिहून बांबूच्या फांदीला बांधतात, येणारे-जाणारे त्या वाचू शकतात. त्या सणाची कथा आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेल्या, वर्षातून एकदाच भेटणाऱ्या जोडप्याची आहे, आणि ते दोघे म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण हे तारे. दूर असलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या घरात ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

पण आपली स्वतःची गोष्ट ध्रुवाची. पाच वर्षांचे मूल वडिलांच्या मांडीवर बसायला जाते, सावत्र आई सुरुची त्याला उठवते, सख्खी आई सुनीती रडते आणि देवाकडे माग म्हणते, आणि ते मूल यमुनाकाठच्या मधुवनात जाऊन बसते. सहा महिन्यांनी देव प्रसन्न होतो आणि अढळपद देतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. ‘भागवता’च्या चौथ्या स्कंधात यापुढचा जो भाग आहे तो आपण मुलांना सांगत नाही. वर मिळाल्यावर ध्रुव हरखून जात नाही, त्याला वाईट वाटते. दरिद्री माणसाने सम्राटापुढे उभे राहून तांदळाचा कोंडा मागावा तसे आपण मागितले, असे तो म्हणतो. मागणे पुरे झाले तरी मन भरत नाही, ही इतकी मोठी गोष्ट आपल्या पुराणाने एका पाच वर्षांच्या पोराच्या तोंडी घातली आहे. आणि आणखी एक पाहा. इतरांकडे मुले ताऱ्याकडे मागतात. आपल्याकडे वडिलांची मांडी मागणारे मूलच तारा झाले. तुमच्या मुलीने मागितले तेही तेच होते. ध्रुवाला तिच्या मनातले समजावून सांगावे लागणार नाही, असे मी असते तर तिला जरूर म्हटले असते.

गोव्यात राहणाऱ्या मुलीला आणखी एक तारा रोज दिसणार आहे, म्हणून तोही सांगते. डिसेंबर लागला की शेजारच्या ख्रिस्ती घरांवर कागदाची नखेत्रे, म्हणजे चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील, चढतात. पूर्वेकडच्या तीन ज्ञानी पुरुषांना बाळ येशूपर्यंत नेणारा तो तारा, आणि त्या बाळाच्या जन्माची कथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत सांगितली, ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातच छापले गेले. ६ जानेवारीला रेइश मागूश, कासावली आणि चांदर या गावांत तीन मुले त्या ज्ञानी पुरुषांच्या नावाने राजांचा पोशाख करून फेस्ताला निघतात, ते मुलीला एकदा दाखवून आणा. त्या कथेतल्या ताऱ्याकडेही कोणी काही मागत नाही. तारा वाट दाखवतो, आणि त्या वाटेने जाणारे सोने, ऊद आणि गंधरस घेऊन जातात. गंधरस म्हणजे आपल्या घरांत बाळंतिणीला देतात तोच हिराबोळ. ही ओळख सांगितली तेव्हा एका वर्गातली मुलगी म्हणाली, “म्हणजे त्यांना बाळाची आईपण आठवली होती.” तिचे हे वाक्य मी तेव्हापासून कधी विसरले नाही.

नखेत्र घरीच करा, त्यात मुलीचे हात गुंततात. बांबूच्या दहा सारख्या लांबीच्या कामट्या घ्यायच्या. पाचांची एक आणि पाचांची दुसरी अशा दोन चांदण्या दोऱ्याने बांधायच्या, त्या एकावर एक ठेवून पाचही टोके एकत्र बांधायची, आणि मग आतल्या पाच कोनांत बोटभर लांबीचे पाच तुकडे उभे अडकवायचे. तुकडा अडकवला की सपाट चांदणी एकदम फुगते, आणि तो क्षण मुलाच्या हाती द्यायचा असतो. शेवटचा तुकडा मुलीलाच बसवू द्या. वरून पतंगी कागद आणि मैद्याची खळ. आत दिव्याची जागा सोडायला विसरू नका.

राहिला तिचा प्रश्न, चांदणीला ऐकू येते का. नाही येत, असे सरळ सांगा. ती फार लांब आहे, तिला कान नाहीत, आणि बाबा आला नाही तो चांदणी रागावली म्हणून नव्हे किंवा तू नीट मागितले नाहीस म्हणूनही नव्हे. बोटीवर बदलीचा माणूस मिळाला नाही म्हणून. हे शेवटचे वाक्य मोठ्यांना क्षुल्लक वाटते. मुलांना त्याची फार गरज असते, कारण मागणे फसले की आपलेच काहीतरी चुकले असे ती धरून बसतात. मग तिला विचारा की ऐकू येत नसले तरी चांदणी काय करू शकते, आणि तेव्हा त्या वाटसरूचे कडवे काढा.

कारण बोटीवरच्या माणसासाठी ते कडवे अक्षरशः खरे होते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो तितकेच आपले अक्षांश असतात, आणि खलाशी शतकानुशतके त्यावरून आपण कुठे आहोत हे काढत आले. हे मोजायला यंत्र लागत नाही. हात समोर ताठ धरला की बंद मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. लहान मुलाची मूठ लहान असते पण हातही आखूड असतो, म्हणून मोठ्याचे आणि लहानाचे माप जवळजवळ सारखेच येते. गोवा सुमारे १५ अंशांवर आहे, म्हणजे आपला ध्रुव क्षितिजापासून दीड मूठ वर. इतका खाली असल्यामुळे तो माडांच्या आणि घरांच्या आड जातो. उत्तरेला मोकळे असलेले शेत किंवा सडा गाठावा लागतो. पाऊस सरल्यावर संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, तेव्हा इंग्रजी एम अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा ही तारकांची आकृती शोधायची आणि तिच्या खाली, उत्तर क्षितिजाकडे उतरत यायचे. तिथे मध्यम तेजाचा, एकटा असा जो तारा भेटतो तो ध्रुव. मुलीच्या अपेक्षेइतका तो चमकत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

आणि वडिलांनाही हे कळवा. डेकवर अंधाराचा कोपरा सापडेल तेव्हा त्यांनी ध्रुव मुठींनी मोजावा आणि व्हिडिओ कॉलवर आकडा सांगावा. बोट बार्सिलोनाजवळ असेल तर चार मुठी, रॉटरडॅमला पाच, सिंगापूरला तो क्षितिजालाच टेकलेला, आणि विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेले की दिसतच नाही. भिंतीवर एक कागद लावून मुलीला तितक्या मुठी काढू द्या. करार संपवून बाबा घरी निघतील तेव्हा तो आकडा दीडवर येईल, आणि ज्या संध्याकाळी दोघे एकाच सड्यावर उभे राहून मोजतील त्या संध्याकाळी दोघांचा आकडा एकच असेल. मोजताना दोघांनीही हात अगदी ताठ ठेवायचा. कोपर वाकले की मूठ मोठी दिसते, मुठी कमी भरतात, आणि युरोपात असलेला बाबा आहे त्यापेक्षा घराच्या जवळ आल्यासारखा वाटतो.